अक्षर मोठे, पण उकार कोठे?

वारासिवनीच्या हातमागावर बसणारास सांगावयास नको की, फिक्या ताण्यावर फिका बाणा उठून दिसत नाही. मंददृष्टीच्या वाचकाचेही तसेच. अमेरिकेतील रँड संस्थेचे गणितज्ञ सॅम्युअल जेनेन्स्की यांची स्वतःची दृष्टी अधू होती; १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कॅमेरा व दूरचित्रवाणीचा पडदा जोडून छापील मजकूर मोठा करणारी रचना मांडली. आज काळ्यावर पांढरी, ठळक अक्षरे फोनच दाखवितो. परंतु ओळींची मापे रोमन लिपीची असली, तर आपल्या देवनागरीचे अनुस्वार आणि उकार छाटले जातात. ‘पुत्र’चे ‘पत्र’ होते, ‘मंद’चा ‘मद’! वडीलधाऱ्यांसाठी फोन घेताना आम्ही तरी अक्षरे मोठी करून हे दोन शब्द आधी पाहू.