खळे, गाठ आणि ओले सरपण

आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागले ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. पण पारनेर-पाथर्डीकडची मंडळी एवढा भेद करीत नाहीत. थेट सीटी स्कॅनचा रिपोर्ट पुढे ठेवतात. अशाच एका रिपोर्टात 'हॅलो साइन' हे शब्द आम्ही प्रथम वाचले. रुग्णाचा मुलगा विचारत होता, "सर, कॅन्सरच ना हो?"

हॅलो म्हणजे आपलं खळं. चंद्राभोवती पडतं ना, तसं. फुफ्फुसातली गाठ सीटीवर पांढरी दिसते. तिच्याभोवती दुधी काचेसारखी धूसर कड असली की हे नाव. ती कड पुष्कळदा झिरपलेल्या रक्ताची असते. ॲस्परजिलस ही बुरशी रक्तवाहिनीत घुसते, वाहिनी तुंबते, भोवती रक्त उतरते. १९८५ साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हे खळे नोंदवले.

मग खळे तिथे बुरशी, असे म्हणायचे का? आता पहा. धूर तिथे अग्नी, हे अनुमान चालते. अग्नी तिथे धूर, हे चालत नाही; लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्याला धूर कुठे असतो? सरपण ओले असेल तरच धूर. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आपल्या खळ्याची उपाधी म्हणजे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी फार घटलेल्या असणे. केमोथेरपी चालू आहे, ताप हटत नाही आणि खळे दिसले, तर डॉक्टर सगळे निकाल येईपर्यंत थांबत नाहीत, बुरशीचे औषध सुरू करतात. कारण हे खळे पहिल्या काही दिवसांतच ठळक असते, आठवड्याभरात विरू लागते. तेच खळे शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसात दिसले तर? क्षय असू शकतो, कर्करोग असू शकतो, रक्तवाहिन्यांचा दाहही.

२०२१ मध्ये काळी बुरशी आपण सर्वांनी ऐकली. ती फुफ्फुसात गेली की कधी उलटे खळे दिसते: मध्ये धूसर, कड घट्ट. पण तेही क्षयात दिसतेच. तिथे मधुमेह आणि स्टेरॉइड यांची चौकशी आधी.

मुलाला आम्ही विचारले, वडिलांना केमो दिली होती का? पांढऱ्या पेशी किती? साखर? त्याला काहीच सांगता येईना. सगळी फाईल घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, म्हटलं. फाईल घरी पेटीत होती. त्याने रिपोर्टाचा तेवढा एक कागद आणला होता.