वजन वेगळं, कस वेगळा

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तिथे दागिना काट्यावर ठेवतात, पण भाव ठरवण्याआधी त्याचा कसही पाहतात. दहा-दहा ग्रॅमची दोन वळी काट्यावर सारखीच भरतील, तरी बावीस कॅरेटच्या वळ्यात हजारात ९१६ भाग सोनं असतं आणि अठरा कॅरेटच्या वळ्यात ७५०. सराफ या दोन मापांची गल्लत करत नाही. आपण मात्र सकाळी उठून घरच्या काट्यावर उभे राहतो, आकडा वाचतो किलोचा आणि निकाल लावतो स्वतःच्या लायकीचा.

हा काटा शरीराबद्दलसुद्धा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबी बाळगून असतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात. कमरेचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरपर्यंत असावा, असं सांगतात. थोडक्यात, वजन कमी करण्याला खरी वैद्यकीय कारणं आहेत. ती नाकारून स्वतःवर प्रेम करता येतं असं मला वाटत नाही. प्रश्न एवढाच, की हे काम स्वतःचा राग करत होतं की स्वतःची बाजू घेऊन?

‘जरा लाज वाटली की सुधारेल’ हा घराघरातला समज. लग्नकार्यात भेटलेली मावशी ‘अगं, किती सुटलीयेस!’ म्हणते, आणि बाहेर दुकानात तेच हिंदीत ऐकू येतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण हिताचं बोललो. ऐकणाऱ्याच्या मनात पुढे काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. पीटर हर्मन यांच्या १९७५ च्या प्रयोगात काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम चाखायला सांगितलं. खाण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. त्यांनी ते उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता काय राहिलं, हा तो हिशेब. सकाळी पोह्यांबरोबर दोन जिलब्या खाल्ल्या, मग दुपारी समोसा, रात्री आणखी काही, ‘उद्यापासून बघू’. नुकसान दोन जिलब्यांनी फारसं होत नाही. त्यांच्यानंतर आलेल्या ‘माझ्याच्याने काही होणार नाही’ या वाक्याने होतं.

हे वाक्य मधेच अडवता येतं. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांच्या २००७ च्या अभ्यासात डोनट खाल्लेल्या काही तरुणींना एवढंच सांगितलं, की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार बोल लावू नका. खाण्याबद्दल एरवी कडक आणि अपराधी असणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे ऐकायला मिळालं, त्यांनी नंतर गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःशी मायेने बोलणं म्हणजे स्वतःचे लाड, हा आक्षेप इथे टिकत नाही. करून पाहायची रीतही साधी आहे: मैत्रिणीने तीच जिलबी खाल्ली असती तर तिला जे म्हणालो असतो, तेच स्वतःला म्हणायचं, आणि पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. भरपाई म्हणून उपास धरायचा नाही. तो हमखास रात्री फ्रीजपाशी मोडतो.

आत्मविश्वासाचं यंत्र थोडं निराळं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ ही खात्री सर्वांत पक्की होते ती स्वतः काही जमवून दाखवल्याने. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, दुसऱ्याचा धीर, अंगाला वाटणारी हुशारी, हे सगळं त्यानंतर. म्हणून ‘तीन महिन्यांत दहा किलो’ हे ध्येय आत्मविश्वासाच्या कामाचं नाही, कारण त्यातला निकाल आपल्या हातात नाही. ‘रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं’ आपल्या हातात आहे. सदर बाजारातल्या माणसाला बूढ़ा तालाब जवळच आहे. तिथे विवेकानंदांच्या मोठ्या पुतळ्याच्या साक्षीने फेरी मारणारे दिसतात, त्यात सगळे काही सडपातळ नसतात, आणि पहिल्या दिवसाची लाज जायला तेच उपयोगी पडतं. सकाळी जायचं असेल, तर मे महिन्यातलं रायपूरचं ऊन पाहता फेरी सूर्य वर यायच्या आत उरकलेली बरी. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. तिथे हळूहळू पोचावं.

काट्याकडे कसं पाहायचं, हेही शिकावं लागतं. शरीर साखरेचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पंगतीतलं मीठ आणि पाळीच्या आधीची सूजही पाणी धरून ठेवते. रात्रीत एक किलो वाढलं तर ती चरबी नव्हे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, एवढं एका लग्नात कुणी जेवत नाही (काही काका सोडले तर). रोजच्या आकड्याने मन खचत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी आणि वेळी वजन करा, आणि कमरेची टेप महिन्याने लावा.

आकडा हललाच नाही, तरी केलेलं वाया जात नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. खाणं आणि चालणं सुधारलेल्यांना मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांचं वजन मात्र म्हणण्यासारखं उतरलं नव्हतं.

बायकांची एक खास सवय सराफाच्या गल्लीत दिसते. ‘आधी बारीक होऊ दे, मग पाटल्या घेऊ.’ बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा असं सांगतात, म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे तितके सोळांश. दोन-चारची बांगडी चढत नाही म्हणून कित्येकजणी ओशाळतात. खरं तर बांगडी अडते ती पंजाच्या रुंद हाडांपाशी. ती हाडं डाएटने लहान होत नाहीत. दोन-सहाची घ्यावी आणि घालावी. ब्लाऊजही आजच्या मापाचाच शिवून घ्यावा. कापड दंडाला काचत राहिलं तर दिवसभर शरीराची आठवण होते ती तक्रारीच्याच सुरात. फोटोत मागे उभं राहणंही सोडावं. वजन उतरेपर्यंत जगणं पुढे ढकललं, तर वजनाचं काम शिक्षेसारखं वाटू लागतं आणि शिक्षा कुणी राजीखुशीने लांबवत नाही.

मावशीला उत्तर? ‘हो, चालायला जाते रोज, तूही चल’ एवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र मनाच्या तयारीवर सोडू नये. वजन अचानक वाढलं असेल, पाळी अनियमित असेल, थायरॉइडचा संशय असेल किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर. चोरून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जेवणाच्या विचाराने झोप उडणं, यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा. रायपूरच्या एम्समध्ये दोन्ही प्रकारचे तज्ज्ञ आहेत. जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी आणि ‘किती उतरवू?’ हे सरळ विचारावं. बहुतेकांना पहिलं ध्येय पाच ते दहा टक्क्यांचंच सांगितलं जातं. सत्तर किलोच्या माणसासाठी ते साडेतीन ते सात किलो.