आवाज नायकाचा, वाक्य कोणाचं?

‘स्कायरिम’च्या नायकाचं सगळं बळ त्याच्या कंठात आहे. तो ड्रॅगनबॉर्न. ड्रॅगनांच्या भाषेतले तीन शब्द ओरडला, की समोरचा दरोडेखोर कड्यावरून खाली जातो. ‘फुस रो दाह’ ही त्याची आरोळी गेमचं तोंडही न पाहिलेल्यांना मीम्समुळे पाठ झाली. हाच नायक सराईत रात्रीपुरती खोली मागताना मात्र एक अक्षर उच्चारत नाही. पडद्यावर वाक्यांची यादी येते, आपण एक निवडतो, आणि सराईची मालकीण ते ऐकल्यासारखं उत्तर देते. ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेल्या या गेमसाठी सत्तरहून अधिक कलाकारांनी साठ हजारांच्या घरात वाक्यं रेकॉर्ड केली, त्यांत मॅक्स फॉन सिडोसारखा दिग्गजही होता. नायकाच्या वाट्याला आल्या त्या आरोळ्या आणि मार खाल्ल्यावरचं कण्हणं.

हा कामचुकारपणा नव्हे. फँटसी रोल-प्लेइंग गेममधल्या नायकाला आवाज द्यावा की नाही, हा वाद गेली पंचवीस वर्षं धुमसतो आहे, आणि तो सहसा चुकीच्या जागी उभा राहून घातला जातो. एक बाजू म्हणते, मुका नायक म्हणजे ठोकळा. दुसरी म्हणते, बोलका नायक म्हणजे परका माणूस. दोघांच्याही नजरेतून सुटतं ते वाक्य. नायकाच्या तोंडी जाणारं वाक्य आधी मला दिसतं का, आणि ते कोणत्या हेतूनं बोललं गेलं हे कोण ठरवतं?

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९८६ साली युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला, तो अख्खा गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसत होता. तिथे आवाज कुठून यायचा? पण होरींनी अडचणीतून तत्त्व काढलं: नायक म्हणजे खेळणारा, म्हणून त्याच्या तोंडी आपण काही घालायचं नाही. त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं. तेही नावापुरतंच. सोडवून आणलेली राजकन्या विचारते, नेशील ना मला बरोबर? ‘नाही’ म्हटलं की ती पुन्हा तेच विचारते. ‘हो’ म्हणेपर्यंत सुटका नाही. मौनात स्वातंत्र्य असतं असं मानणाऱ्यांनी ही राजकन्या विसरू नये.

पुढे ‘क्रोनो ट्रिगर’चा क्रोनो (१९९५) जवळजवळ अख्खा गेम गप्प राहिला आणि अनेक शेवटांपैकी एका शेवटात अचानक बोलला, गंमत म्हणून. होरींची मालिका आजही तिच्या नायकाला बोलू देत नाही. पण चित्रं जितकी खरी दिसू लागतात तितका नुसता उभा राहणारा नायक खुळा दिसू लागतो, अशी कबुली खुद्द त्यांनीही दिली आहे. काठीसारख्या चित्राचं मौन खटकत नाही, कारण उरलेलं आपण भरतो. डोळ्यांत पाणी तरळताना दाखवता येणाऱ्या चेहऱ्याचं मौन मात्र लपत नाही.

जपानमध्ये बांध फुटला २००१ मध्ये, ‘फायनल फँटसी टेन’ला. मालिकेत पहिल्यांदाच पात्रं बोलू लागली, नायक टायडसही. पण जुन्या प्रथेप्रमाणे नायकाचं नाव खेळाडूला बदलता येत होतं. मग त्याला हाक कशी मारायची? गेमकर्त्यांनी मार्ग काढला: अख्ख्या गेममध्ये टायडसला कोणीही नावानं हाक मारत नाही. प्रेयसीसुद्धा नाही. चाळीसेक तासांची प्रेमकथा आणि नाव एकदाही ओठांवर नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत हे कोणाला विचित्र वाटलं नसतं म्हणा. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडणाऱ्या ‘फॉलआउट फोर’नं २०१५ मध्ये उलटा हिशेब केला. कॉड्सवर्थ या यंत्रमानवासाठी त्यांनी सुमारे हजार नावं रेकॉर्ड करून ठेवली, म्हणजे खेळाडूनं त्यांतलं नाव घेतलं तर हाक ऐकू यावी. आवाज किती महाग पडतो याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

पैशाचा भाग थोडक्यात उरकतो. लिहिलेलं वाक्य शेवटच्या आठवड्यातही बदलता येतं. रेकॉर्ड केलेलं बदलायचं तर नटाला पुन्हा स्टुडिओत बोलवावं लागतं. नायक स्त्री किंवा पुरुष असू शकत असेल तर खर्च दुप्पट, म्हणून पर्याय कमी. ‘फॉलआउट फोर’मध्ये दोन्ही कलाकारांनी प्रत्येकी सुमारे तेरा हजार वाक्यं म्हटली, आणि तरीही खेळाडूपुढे एका वेळी चारच उत्तरं आली.

पण त्या गेमवर लोक चिडले ते आवाजामुळे नव्हे, असं माझं मत आहे. पडद्यावर नुसतं ‘उपरोधानं’ असं लिहिलेलं असे. निवडल्यावर नायक नेमकं काय बोलेल याचा पत्ता नाही. तुम्ही हलकी कोपरखळी म्हणून बटण दाबावं आणि त्यानं समोरच्याचा पाणउतारा करावा! गेम आल्यावर लगेचच पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, निघाला आणि लोकांनी तो भराभर उतरवून घेतला. त्यांनी आवाज बंद करणारा मॉड मागितला नव्हता. त्यांना वाक्य हवं होतं.

वाक्य हातात असलं की मौन काय करू शकतं, ते १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये दिसतं. त्यातला अमर, विस्मृतीनं ग्रासलेला नायक लेखी संवाद साधतो. कधी कधी उत्तरांच्या यादीत तेच वाक्य दोनदा येतं: एकापुढे लिहिलेलं ‘खरं’, दुसऱ्यापुढे ‘खोटं’. शब्द तेच, समोरच्याला ऐकू येणारंही तेच. फक्त मनात काय आहे ते वेगळं, आणि त्यावरून नायकाची नैतिक बाजू ठरते. वचन द्यायचं, पण पाळायचा विचार आहे की नाही हे फक्त मला ठाऊक. कोणताही नट ते वाक्य एकाच सुरात म्हणणार, आणि तो सूर ठरला की हेतूही ठरला. मूक नायकाच्या बाजूनं इतका पक्का पुरावा दुसरा नाही. गंमत अशी, की या नायकाला मूक तरी का म्हणायचं? तो अखंड बोलतो, फक्त माझ्या डोक्यात, माझ्या सुरात.

खरी प्रयोगशाळा मात्र ‘ड्रॅगन एज’ ही बायोवेअरची मालिका. ‘ओरिजिन्स’ (२००९) मध्ये नायक वॉर्डन मूक. उमराव, जादूगार, खाणीतला बुटका, रानातला एल्फ अशा सहा जन्मकथा, आणि दर संभाषणात पूर्ण वाक्यांची लांब यादी. पण कॅमेरा जवळ गेला की पंचाईत. लढाईचं रक्त चेहऱ्यावर तसंच, आणि चेहरा पिठाच्या गोळ्याइतका निर्विकार. पुढे प्राणांतिक निर्णय, मागे सगळे सोबती हमरीतुमरीवर, आणि मधे हा.

दोन वर्षांत आलेल्या ‘ड्रॅगन एज टू’मध्ये नायक हॉकला आवाज मिळाला, पुरुष हॉकला निकोलस बोल्टनचा, स्त्री हॉकला जो वायटचा. बदल्यात जन्मकथा गेल्या; हॉक मानवच असतो. पूर्ण वाक्यांच्या जागी डायलॉग व्हील, म्हणजे त्रोटक उत्तरांचं चक्र, आलं, पण त्यात एक शहाणपण होतं: प्रत्येक उत्तराशेजारी सुराचं चिन्ह, समजुतीचं, चेष्टेचं किंवा दटावणीचं. तुम्ही वारंवार चेष्टा निवडलीत, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि तुम्हाला न विचारता हॉक बोलतो तेव्हाही तो चेष्टेखोरच असतो. म्हणजे नट तीन हॉक साकारतो, आणि त्यांतला कोणता जिवंत व्हायचा ते खेळाडू ठरवतो. हॉकच्या आईचा अंत ज्या प्रसंगात होतो, तिथे थट्टेखोर हॉकचा आवाज ऐकताना जे होतं, ते वॉर्डनकडून होणं शक्य नव्हतं. हा गेम घाईत झाला, त्याच त्या गुहा पुन्हा पुन्हा आल्या, टीका झाली ती रास्तच. तरी आवाजाच्या प्रश्नाचं इतकं विचारी उत्तर मी क्वचित पाहिलं आहे.

२०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये वंश परत आले, आवाज चार झाले. त्यांतल्याच एकातून बुटकाही बोलतो आणि धिप्पाड, शिंगवाला कुनारीही. कानाला ते पटायला वेळ लागतो.

‘विचर’चं प्रकरण वेगळं, आणि ते लवकर मिटतं. गेराल्ट हा आंद्जेय सापकोव्स्कींच्या पुस्तकांतला, आपल्याआधीपासून जगणारा माणूस. डग कॉकलच्या खरखरीत इंग्रजीत किंवा यात्सेक रोझेनेकच्या पोलिशमध्ये तो बोलतो तेव्हा परका वाटण्याचा प्रश्न येत नाही. तो परकाच आहे, आपण फक्त त्याला वाट दाखवतो.

‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक, त्याचं मौन याच्या दुसऱ्या टोकाला. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) बाकीच्यांना आवाज मिळाले, लिंकला नाही. हा गेम काटेकोर अर्थानं रोल-प्लेइंग नव्हे, पण त्यातली एक युक्ती सांगायलाच हवी. राजकन्या झेल्डाच्या रोजनिशीत लिंकच्या गप्प राहण्याचं कारण सापडतं: इतके लोक आपल्याकडे डोळे लावून आहेत, म्हणून सगळा भार निमूट वाहिला पाहिजे, असं त्यानं तिला सांगितलेलं असतं. मालिकेच्या जुन्या सवयीला स्वभावाचं रूप मिळालं, आणि हे मौन खेळाडूचं न राहता पात्राचं झालं.

२०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट थ्री’नं तिसरीच वाट धरली. खेळाडूनं घडवलेला नायक संभाषणात बोलत नाही, पूर्ण वाक्यं यादीत दिसतात, पण चेहरा मात्र बोलतो: भुवया, किळस, दचकणं. वर अमेलिया टायलरच्या आवाजातली निवेदिका थेट तुम्हाला उद्देशून सांगत असते, की तुमच्या मानेवर काटा आला. नाटकात सूत्रधार असावा तशी ती नायक आणि खेळाडू यांच्या मधे उभी. वॉर्डनचा निर्विकारपणा गेला आणि वाक्यही हातात राहिलं. किंमत कुठे मोजावी लागते ते तुम्ही अ‍ॅस्टारियन या सोबत्यालाच नायक म्हणून निवडलंत की कळतं. सोबती असताना नील न्यूबननं ज्याला लाडीक, विषारी आवाज दिला (त्याबद्दल त्याला त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचा मान मिळाला), तोच तुमचा झाल्यावर संभाषणात गप्प होतो. मी त्याला नायक करून खेळायचं टाळतो.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’मध्ये भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. तो अ‍ॅक्शन गेम आहे, उत्तरं निवडण्याचा प्रश्न तिथे नाही. पण नायिकेची गोष्ट दुसऱ्यानं सांगण्याची ही रीत आपल्या श्रोत्यांना नवी नव्हती.

आता खर्चाचं गणित बदलू पाहतं आहे. यंत्रानं घडवलेला आवाज हजार काय, कोणतंही नाव उच्चारू शकतो. याच भीतीनं अमेरिकेतले गेम-कलाकार जुलै २०२४ मध्ये संपावर गेले आणि आपल्या आवाजाची डिजिटल नक्कल संमतीशिवाय होऊ नये यासाठी वर्षभर अडून बसले. पण खर्च शून्यावर आला तरी ‘टॉर्मेंट’मधलं तेच वाक्य खरं म्हणून आणि खोटं म्हणून कसं म्हणायचं, हे त्या यंत्रालाही सुटणार नाही. ‘स्कायरिम’चे कर्ते बेथेस्डा ‘फॉलआउट फोर’नंतर ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) अडीच लाखांवर वाक्यं घेऊन आले आणि नायकाला पुन्हा गप्प केलं. २०१८ मध्ये घोषणा झालेला, ‘स्कायरिम’च्याच मालिकेतला त्यांचा सहावा ‘एल्डर स्क्रोल्स’ येईल तेव्हा त्याचा नायकही सराईत खोली मागताना बोलणार नाही, अशी माझी पैज आहे. आरोळ्या ठोकल्या तर हरकत नाही.