कुत्रा भुंकला, हप्ता वाढला!

अमेरिकेत घराचा विमा काढायला गेलात की छप्पर किती जुनं, वायरिंग कधीचं, या प्रश्नांच्या रांगेत आणखी एक प्रश्न बऱ्याचदा येतो : कुत्रा आहे का, आणि कुठल्या जातीचा? उत्तर ‘रॉटवायलर’ आलं की एजंटचा सूर बदलतो. कुणी हप्ता वाढवतं, कुणी कुत्र्याच्या करामती पॉलिसीतून वगळतं, कुणी पॉलिसीच नाकारतं.

कंपन्या धास्तावतात त्याला कारण आहे. २०२४मध्ये तिथं कुत्र्यांमुळे झालेल्या इजांपोटी सुमारे १५७ कोटी डॉलर मोजावे लागले. एका दाव्याला सरासरी ६९ हजार डॉलर! त्यासाठी चावायलाच हवं असंही नाही. लाडात येऊन अंगावर उडी घेतली आणि शेजारचे आजोबा पडले, तरी दावा लागतो. घराच्या विम्यात अशा देण्याची मर्यादा साधारण १ ते ३ लाख डॉलर. वरचे मालकाच्या खिशातून.

नकोशांच्या याद्याही मजेशीर. हस्की, चाऊचाऊ, कुठे कुठे चक्क ग्रेट डेन. ‘पिटबुल’ ही तर एक जातच नाही, दोन-चार जाती आणि त्यांच्या संकरांना मिळून पडलेलं ते नाव. डोबरमन पैदा करणारा जर्मनीतला कार्ल डोबरमन करवसुलीचं काम करायचा. आता वसुली त्याच्या कुत्र्याच्या मालकांकडून!

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय ‘एक्सएल बुली’ जातीचा कुत्रा पाळणं गुन्हा. प्रमाणपत्राची फी होती ९२ पौंड ४० पेन्स, वर नसबंदी, मायक्रोचिप, चारचौघांत तोंडाला जाळी आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा सक्तीचा विमा. म्युनिकमध्ये साध्या कुत्र्याचा वार्षिक कर १०० युरो, तर ‘लढाऊ’ यादीतल्याचा ८००.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यानं मात्र २०२२पासून केवळ जातीवरून घराचा विमा नाकारायला किंवा हप्ता वाढवायला बंदी घातली. ‘स्टेट फार्म’ ही बडी कंपनी तर जात विचारतच नाही, आधी कुणाला चावलाय का ते बघते. हेच शहाणपणाचं. गुण-अवगुण कुत्र्याचे बघावेत, खानदानाचे कशाला?

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मंडळींनी एवढं करावं : पिल्लू आणण्याआधी पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टी नीट वाचाव्यात आणि जात लपवू नये. खोटं उघड झालं, तर कंपनी दावाच फेटाळू शकते.