प्रवासातली खरेदी (भाग ६) : जोयड्याचे कंद

मागच्या भागात आपण फ्रान्समधल्या बुर्गोन्य प्रांतात होतो. तिथे वाइन घेताना सहसा फसगत होत नाही, कारण १९३५च्या कायद्याने बाटलीवरचं नाव आणि द्राक्षांची जमीन एकमेकांना बांधून ठेवली आहे. फसगत होते मोहरीत. दिजाँ शहराच्या नावाची मोहरीची चटणी कुठेही बनवता येते आणि तिच्यातली मोहरी बरीचशी कॅनडातून येते. २०२१ साली कॅनडात दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांत मोहरी मिळेनाशी झाली. प्रांतातलंच बी आणि प्रांतातलीच पांढरी वाइन हवी, तर ‘मुतार्द द बुर्गोन्य’ हे नाव शोधावं लागतं. त्याला २००९मध्ये संरक्षण मिळालं. त्याच वर्षी गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

फेणीच्या मुलखातून अनमोड घाट चढलं की उत्तर कन्नडचा जोयडा तालुका लागतो. पूर्वी तालुक्याचं ठाणं सुपा हे गाव होतं. काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं आणि कारभार जोयड्याला आला. तालुक्याचा मोठा भाग जंगलाचा, बराचसा काळी व्याघ्र प्रकल्पातला. इथल्या कुणबी घरांच्या परसात जे पिकतं, ते कोणत्याही हवाबंद पाकिटात मिळत नाही. ते म्हणजे कंद.

जानेवारीच्या सुमारास जोयड्यात कुणबी समाजाचा कंदमेळा भरतो. मुडली, कोन, काटेकणंग, करांदे, सुरण असे ढीग मांडलेले असतात आणि मागे त्याच बाया बसलेल्या असतात ज्यांनी ते खणून काढले. मुडली हा अळूच्या कुळातला कंद, मुसळाच्या तुकड्यासारखा जाड. कोन म्हणजे आपलं कोनफळ, आतून पांढरं किंवा जांभळं. निवडताना माती लागलेला कंद घ्या, धुतलेला नको. माती असली की तो जास्त टिकतो. खणताना कुदळीचा घाव लागला असेल तर तिथे बोट दाबून पाहा. घाव वाळून खपली धरलेली हवी. बोट आत रुतलं तर कंद आतून नासायला लागला आहे.

नेताना प्लास्टिकची पिशवी नको, कापडी पिशवी किंवा गोणपाट घ्या. कोनफळ फ्रिजमध्येही ठेवू नका. बारा-तेरा अंशांखाली ते आतून काळं पडतं. अंधारात, वारा लागेल अशा जागी ठेवा. सुरण चिरताना हाताला तेल लावा आणि शिजवताना आमसूल घाला, म्हणजे खाज बाधत नाही. रानटी करांदा कधीही कच्चा खाऊ नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. तो कसा उकडायचा, किती पाणी टाकून द्यायचं, हे विकणारीलाच विचारा. तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

आमसूल इथेही घ्यावं. पण कोकम पिकतं उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत मिळणारी सोलं गेल्या वर्षीची असतात. ती काळपट असली तरी हरकत नाही. मऊ हवीत आणि बुरशीचा वास नको. मधाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. मध थिजून रवाळ झाला म्हणजे भेसळ, असं नाही. शुद्ध मधही थिजतो. विचारायचं ते एवढंच, की मध कुठला आणि कुणी काढला. गणेशगुडी-दांडेलीच्या पर्यटनपट्ट्यात सरबताच्या आणि मधाच्या बाटल्या घेताना लेबलावरचा पत्ता आधी वाचा. पत्ता परजिल्ह्यातला असेल तर तुम्ही जोयड्याची खरेदी केलेली नाही, जोयड्यात खरेदी केली आहे. या दोन्हींत फरक आहे आणि तो पैसे कुणाच्या हातात पडतात याचा आहे. घासाघीसही इथे करू नये. एक वाफा खणून काढायला किती कंबर मोडते, हे विचारा आणि मग भाव ठरवा.

फेणी गोव्यातून न्यायची असेल तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्या. राज्याची सीमा ओलांडली की अबकारी नियम बदलतात, ते आधी पाहून घ्या.

सगळेच कंद मात्र खाऊन टाकू नका. कोनफळाचा सालीसकट एक तुकडा कापून त्याला राख चोळा, वाळवा आणि जूनच्या पहिल्या पावसात कुंपणापाशी किंवा मोठ्या पिंपात लावा. वेलाला चढायला आधार द्या. पानं पिवळी पडून वेल वाळला की खणा.