अजिंठ्याचा अंधार आणि हातांतला कॅमेरा

हसनाबादेहून (जि. जालना) सुटींत मुलांबाळांसह अजिंठ्यास जाणाऱ्या कुटुंबाजवळ आज कॅमेरा किंवा फोन असतोच. परंतु घरीं येऊन पाहावें, तों पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि धूसर झालेला! दोष यंत्राचा क्वचितच असतो. भित्तिचित्रांच्या रंगांस अपाय होऊं नये म्हणून तेथें दिवे मंद ठेवितात, फ्लॅशला बंदी आहे आणि तिपाई नेण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अशा अंधारांत यंत्राचा पडदा एक-अष्टमांश सेकंदही उघडा राहतो, व तेवढ्यांत हात हलतो.

चांगल्या छायाचित्राचें मोल याच लेण्यांच्या इतिहासांत दिसतें. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून या चित्रांच्या तैलरंगी प्रतिकृति केल्या. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली व तेथें ठेविलेल्या बहुतेक प्रतिकृति जळाल्या. त्यांनीं घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें मात्र १८६४ सालींच ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं, तीं उरलीं.

आतां उपाय सांगतों. पहिल्यास पैही लागत नाहीं. पाय थोडे फांकून उभें राहावें, दोन्ही कोंपर बरगड्यांस टेकवावे, अर्धा श्वास सोडून थांबावें आणि कळ हलकेच दाबावी. गळ्यांतील पट्टा ताणून धरल्यास अधिक बरें. फोनवर दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाहीं.

दुसरा उपाय दोरीचा. कॅमेऱ्याच्या बुडाशीं पाव इंची आट्यांचें भोंक असतें. लोखंडी सामानाच्या दुकानांतून त्या मापाचा आखूड बोल्ट आणावा, त्यास उंचीएवढी दोरी बांधावी, दुसरें टोंक पायाखालीं दाबून कॅमेरा वर ओढून धरावा. वरखालीं होणारा कंप पुष्कळ कमी होतो. दोरी दुहेरी करून दोन्ही पायांखालीं दाबल्यास बाजूचा कंपही आवरतो. बोल्ट चार-पांच मिलिमीटरांहून अधिक आंत पिळूं नये, यंत्र बिघडेल.

तिसरा उपाय घरासाठीं. जुन्या लुगड्याच्या धडक्या तुकड्याची वीतभर पिशवी शिवून तींत ज्वारी सैल भरावी. खिडकींत किंवा पाटावर ठेवून तिच्यावर कॅमेरा रुतवावा. देवघरांतील समईच्या उजेडांत बसलेल्या आजींचें चित्र अशा रीतीनें फ्लॅशवांचून उत्तम येतें. मात्र आजींनीं क्षणभर स्तब्ध बसलें पाहिजे. हलत्या माणसास कोणतीही पिशवी स्थिर करीत नाहीं.

मुलांस एक गोष्ट आवर्जून सांगावी. हात स्थिर करण्यासाठीं लेण्यांतील भिंतीस किंवा खांबास टेकूं नये. दीड हजार वर्षांहून जुना तो रंग घामट खांद्यास पुरून उरणार नाहीं. चित्र धूसर आलें तर पुन्हां जातां येईल. भिंतीवरील रंग गेला, तर पुढच्या पिढीस पाहावयास कांहींच उरणार नाहीं.