शेततळ्याचा कागद: दोष कुठे शोधायचा?

पोहण्याच्या तलावात प्लॅस्टिकचं अस्तर टाकून घेणारा माणूस पुणे जिल्ह्यातल्या कासुर्डीत शोधावाच लागेल. पण दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला अर्ध्या मिलिमीटरच्या अस्तराचा अनुभव त्या तलाववाल्यांपेक्षा जास्त आहे, कारण शेततळ्याचा '500 मायक्रॉन कागद' म्हणजे तेच. विहिरीला आणि बोअरला पाणी आहे तोवर किंवा कालव्याचं आवर्तन सुरू आहे तोवर तळं भरून घ्यायचं आणि एप्रिल-मे काढायचा, हा हिशोब. तो कागद गळाला की ठेकेदार मातीला बोल लावतो, शेतकरी कागदाला, दुकानदार दोघांना. या भांडणात बऱ्याच अशा समजुती वापरल्या जातात ज्यांना आधार नसतो.

सगळ्यात जास्त तक्रार सुरकुत्यांची. "कागद नीट ताणला नाही, दुपारी बघा कशा लाटा उठतात." लाटा उठणारच. एचडीपीई हे प्लॅस्टिक उन्हात भरपूर पसरतं. 30 मीटर लांबीचा काळा कागद पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हापर्यंत 40 अंशांनी तापला तर 15 ते 20 सेंटिमीटर वाढतो. ही वाढ जाणार कुठे? सुरकुतीत. खरी चूक उलटी असते. मालक समोर उभा आहे म्हणून ठेकेदार भर दुपारी कागद ताणून गुळगुळीत बसवतो आणि तेव्हाच काठाच्या चरात माती लोटून मोकळा होतो. दिसायला काम देखणं. रात्री कागद आखडतो, उतार आणि तळ जिथे मिळतात तिथे जमिनीपासून उचलला जातो आणि खाली पोकळी राहते. मग पाण्याचा सगळा भार त्या ताणलेल्या पट्ट्यावर आणि जवळच्या जोडावर येतो. म्हणून कागद सैल टाकायचा आणि चर सकाळच्या गारव्यात बुजवायचा. पोहण्याच्या तलावातल्या पीव्हीसी अस्तराची गोष्ट वेगळी. ते मापाने जोडून आणतात आणि मागची हवा यंत्राने ओढून सपाट बसवतात. तिथे सुरकुती दोष ठरू शकते, शेततळ्यात नाही.

दुसरी समजूत मायक्रॉनची. 500 लिहिलंय म्हणजे 500 आहे आणि 500 आहे म्हणजे चांगला आहे, ही दोन्ही गृहीतकं कच्ची. पहिलं तपासणं सोपं आहे. एकसंध एचडीपीई फिल्म खरोखर 500 मायक्रॉनची असेल तर तिचा एक चौरस मीटर तुकडा साधारण 470 ग्रॅम भरतो. 30 बाय 30 मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्याला उतार एकास एक धरला आणि काठावरची पट्टी जोडली तर सुमारे 1300 चौरस मीटर कागद लागतो, म्हणजे जवळपास 600 किलो. त्याऐवजी 400 मायक्रॉनचा माल आला असेल तर सव्वाशे किलो कमी भरेल. या भागात गुऱ्हाळं आणि वजनकाटे थोडे नाहीत. गाडी शेतावर न्यायच्या आधी काट्यावरून न्यावी. विणलेल्या, थर चढवलेल्या कागदाला हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे आयएस 15351 हे मानक छापलंय का ते बघावं. दुसरा भाग, म्हणजे दर्जा, वजनात कळत नाही. भंगार प्लॅस्टिक वितळवून केलेला कागदही जाड असू शकतो. उन्हापासून टिकायला त्यात दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक नीट मिसळलेला लागतो. ते प्रयोगशाळाच सांगू शकते, आणि 'सिपेट' या केंद्रीय प्लॅस्टिक संस्थेचं असं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

"आपली काळी माती चिकण, तिला वेगळी गादी कशाला?" हे वाक्य बहुतेक खोदाईचं बिल वाचवण्यासाठी उच्चारलं जातं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. त्यामुळे कागदाखाली आधार एका ऋतूत असतो, दुसऱ्यात नसतो. खोल गेलं की मुरूम लागतो आणि पोकलेनच्या बकेटने त्याची टोकं उघडी पडतात. तीन मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला तीन टन वजन. त्या वजनाखाली एक टोकदार खडा पुरतो. म्हणून दगड वेचणं, तळ आणि उतार चोपणं, चाळलेल्या मातीचा थर देणं किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरणं ही कामं कागदापेक्षा महत्त्वाची आहेत. एकदा कागद पडला की ती कोणाला दिसत नाहीत, आणि न केलेलीही दिसत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी मुळापासून काढाव्यात, त्याचे कोंब पातळ प्लॅस्टिक सहज भेदतात. घुशी आणि खेकडे काठाकडून येतात ते वेगळंच.

भोक सापडलं तर? मोबाइलवर परदेशी तलावांचे व्हिडिओ आहेत, पाण्याखाली डिंक लावून ठिगळ डकवतात. ते पीव्हीसीवर चालतं. एचडीपीईवर बाजारातलं कोणतंही साधं चिकटद्रव्य टिकत नाही; दोन दिवस धरतं, मग साल सुटावी तसं सुटतं. तिथे पाणी खाली घेऊन, जागा कोरडी व स्वच्छ करून, पृष्ठभाग घासून गरम हवेने किंवा वितळलेल्या एचडीपीईच्या सळीनेच जोड द्यावा लागतो. मूळ जोड दुहेरी वेल्डचा असेल तर दोन रेषांमधल्या पोकळीत हवा भरून, दाबमापकाचा काटा पाच मिनिटं टिकतो का हे बघता येतं. ही चाचणी मालकाने समोर करून घ्यावी, पैसे देण्याआधी.

पाणी कमी होतंय म्हणजे गळतंय, हेही दर वेळी खरं नसतं. भर उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी 900 चौरस मीटर पृष्ठभागावरून सहा हजार लिटरहून जास्त पाणी रोज हवेत जातं. खात्री करायला तळ्याचंच पाणी एका बादलीत भरा, ती काठाला पक्की बांधून निम्मीअधिक तळ्यात बुडलेली ठेवा, आणि पंप बंद ठेवून दोन-तीन दिवस दोन्हीकडची उतरण मोजा. सारखी असेल तर दोष उन्हाचा. तळ्यातली जास्त असेल तर गळती आहे, आणि ही जादा घट जिथे येऊन थांबते त्याच उंचीवर उतारावर भोक शोधायचं. भोक बोटाएवढं असलं तरी खाली पोकळी असेल तर दिवसाला तीसेक हजार लिटर जाऊ शकतं. पुन्हा मुद्दा गादीचाच.

पावसाळ्यात रिकामं तळं फुगतं, तेव्हाही कागद बदनाम होतो. प्रत्यक्षात भूजल चढतं किंवा वारा कागदाखाली शिरतो. तळात थोडं पाणी कायम ठेवणं हाच उपाय.

भोक शोधायला तळ्यात उतरणं मात्र साधी गोष्ट नाही. "मी विहिरीत पोहलोय, तळ्याचं काय?" विहिरीला कठडा असतो, पायऱ्या असतात, कपारी असतात. ओल्या, शेवाळलेल्या एचडीपीईच्या उतारावर हात-पाय कशालाच टेकत नाहीत. पोहता येणारा माणूस काठापासून दोन हातांवर दमून बुडतो, आणि त्याला धरायला गेलेला दुसराही. महाराष्ट्रात शेततळ्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. कुंपण, चारही उतारांवर गाठी मारलेले दोर, पाण्यावर टायरची ट्यूब; हा खर्च कागदाच्या अंदाजपत्रकातच धरावा. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे'मध्ये अनुदान जास्तीत जास्त 50 हजार होतं, त्यामुळे काटकसर कुठे झाली असेल हे कळायला फार डोकं लागत नाही.

शेवटचा गैरसमज तक्रारीचा. शेतीसाठी घेतलेला माल धंद्याचा ठरतो, म्हणून ग्राहक आयोग दाद देत नाही, असं दुकानदार सांगतो. पण सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत मात्र दोनच वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. हमीपत्र वाचताना हमी फक्त मालाची आहे की बसवण्याचीही हे बघा, कारण बहुतेक वाद त्या फटीत अडकतात. बिल, रोलवरचं लेबल, गाडी उतरतानाचे आणि चर बुजवण्याआधीचे फोटो, आणि कागदाचा हातभर तुकडा घरात जपून ठेवा.